वादळाचा घेर सांगा

प्रति,
मुंबईतल्या सर्व मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि वर्तमानपत्रांचे वृत्तसंपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वेसाव्यात राहते आणि जवळच्याच एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. माझं सासर बोटीवाल्यांचं. दिवसभर वर्गात नकाशावरचा समुद्र शिकवायचा आणि संध्याकाळी घरी खऱ्या समुद्राच्या गोष्टी ऐकायच्या, असं माझं चालतं. चक्रीवादळाची बातमी आपल्याकडे ज्या पद्धतीने दिली जाते तिच्याबद्दल बरीच वर्षं मनात साचलं आहे, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. वादळ किती लांब आहे हे तुम्ही सांगता, तसंच ते केवढं आहे हेही सांगा.

१७ मे २०२१ची सकाळ. तौक्ते गुजरातच्या दिशेने वर सरकत होतं. आमच्या घरात टीव्ही चालू होता आणि एका वाहिनीच्या खालच्या पट्टीवर ‘वादळ मुंबईपासून १५० किलोमीटर दूर’ ही ओळ फिरत होती. माझे धाकटे दीर दाराशी चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी मला विचारलं, “दीडशे किलोमीटर म्हंजे पुण्याच्या पण पल्याड ना वयनी?” मी म्हटलं, हो, सरळ रेषेत धरलं तर पुणं त्याच्या अलीकडेच आहे. त्यांनी कप ठेवला आणि बोटीला आणखी एक दोर बांधून येतो म्हणून दोघांना घेऊन खाडीवर गेले.

मी दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्या उत्तरामुळेच ते निर्धास्त होऊन गेले. खाडीत बोटी एकमेकींवर आदळत होत्या. दोर ताणला गेला तेव्हा त्यांचा उजवा हात दोर आणि खांबाच्या मधे होता. दोन बोटं गेली. तुटलं जाळं सांधताना ते आता गाठ डाव्या हाताने मारतात आणि उजव्या तळव्याने धागा दाबून धरतात. घरात याबद्दल मला कुणी कधी एक शब्द बोललेलं नाही.

वादळाचं केंद्र त्या दिवशी खरंच सुमारे दीडशे किलोमीटर लांब होतं. तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात इथे कधी न झालेला. विमानतळ कित्येक तास बंद राहिला. बॉम्बे हायच्या परिसरात २६१ माणसं घेऊन असलेला तराफा बुडाला आणि त्या वादळात तिथल्या समुद्रावर ऐंशीहून जास्त जीव गेले. जमिनीवरून पाहिलं तर वादळ मुंबईला ‘लागलंच नाही’, ते बाजूने निघून गेलं. ‘बाजूने गेलं’ या दोन शब्दांत काय काय झाकलं जातं, ते त्या दिवशी कळलं.

‘दीडशे किलोमीटर’ हा आकडा वादळाच्या मधल्या एका ठिपक्याचा असतो. तो ठिपका म्हणजे वादळाचा डोळा, आणि गंमत पाहा, डोळ्यात तर वारा जवळजवळ पडलेला असतो. ज्या जागी वारा सर्वांत कमी त्या जागेचं अंतर आपण लोकांना सांगतो. सर्वांत जोराचा वारा डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत असतो, तो बहुधा केंद्रापासून काही दहा किलोमीटरांवर. तिथून बाहेर वारा हळूहळू उतरत जातो. हे उतरणं किती लांबवर चालतं, ते प्रत्येक वादळाचं वेगळं असतं. त्यालाच मी घेर म्हणते. शास्त्रज्ञ आकार म्हणतात, पण घेर हा शब्द आपल्या बायकांना, शिंप्यांना, विहीर खणणाऱ्यांना सगळ्यांना कळतो.

हे मी वर्गात कसं दाखवते ते सांगते, कारण तुमच्या स्टुडिओतही ते सहज करता येईल. भारताचा भिंतीवरचा मोठा नकाशा मी खाली फरशीवर अंथरते. त्याचं प्रमाण एका सेंटिमीटरला पंचवीस किलोमीटर. मग बारशाला बाळाच्या हातात घालतात ती बिंदली मुंबईवर ठेवते. साधारण चार सेंटिमीटर रुंद. हे झालं ट्रेसी. १९७४च्या नाताळच्या पहाटे ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरावर आलेलं वादळ. त्याचा सोसाट्याचा वारा, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा, केंद्रापासून जेमतेम पन्नास किलोमीटरपर्यंत होता. मुंबईवर ठेवलं तर त्यात अलिबाग येतं, पनवेल येतं, पुणं येत नाही. एवढ्याशा बिंदलीने डार्विनमधल्या सत्तर टक्क्यांहून जास्त इमारती मोडल्या. विमानतळावरच्या यंत्राने २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि त्यानंतर ते यंत्रच मोडलं.

मग एक सुतळी घेते, चव्वेचाळीस सेंटिमीटरची. तिचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरायला एखाद्या मुलीला सांगते आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून फिरवते. हे टिप. ऑक्टोबर १९७९, पश्चिम पॅसिफिक महासागर. समुद्रसपाटीला आजवर मोजलेला सर्वांत कमी हवेचा दाब याच वादळाच्या पोटात सापडला, ८७० हेक्टोपास्कल. त्याचा सोसाट्याचा वारा केंद्रापासून अकराशे किलोमीटरपर्यंत पसरला होता. खडू चेन्नईच्या पलीकडून जातो, जयपूरच्या वरून जातो, कराची आत घेतो आणि पश्चिमेला नकाशा संपला तरी फरशीवर चालत राहतो. दिल्ली थोडक्यात बाहेर राहते. या क्षणाला वर्गात नेहमी एकदम शांतता होते.

त्या शांततेत मी विचारते, आता सांगा, दोन्ही वादळं मुंबईपासून तीनशे किलोमीटरवर आहेत, अशी बातमी आली तर?

आठवीतल्या पोरांना हे दोन मिनिटांत समजतं. बिंदलीवालं वादळ तीनशे किलोमीटरवर असेल तर मुंबईत ऊनही पडलेलं असू शकेल. सुतळीवालं असेल तर पत्रे उडायला लागून बराच वेळ झालेला असेल. अंतराचा आकडा दोन्ही वेळेला तोच.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आम्ही वादळाची तीव्रता सांगतो की. सांगता, आणि ते गरजेचंही आहे. आपलं हवामान खातं वाऱ्याच्या वेगावरून वर्ग पाडतं : ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९पासून तीव्र, ११८पासून अतितीव्र आणि असं चढत चढत २२२च्या पुढे महाचक्रीवादळ. पण हे सगळे वर्ग वादळातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यावरून ठरतात. तो वारा एका अरुंद कड्यात असतो. वर्ग आणि घेर यांचं फारसं जमत नाही. लहान वादळ भयानक तीव्र असू शकतं, मोठं वादळ साधारण वेगाचं असू शकतं.

अमेरिकेला हा धडा महागात पडला. तिथे एक ते पाच अशी श्रेणी वापरतात. २००४ साली चार्ली हे चौथ्या श्रेणीचं वादळ फ्लोरिडावर धडकलं, घेर लहान, आणि समुद्राचं पाणी सहा-सात फूट चढलं. २००८ साली आइक टेक्सासवर आलं, दुसऱ्या श्रेणीचं, पण घेर अवाढव्य. पाणी पंधरा ते वीस फूट चढलं. ‘दोन नंबरचंच आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला पाण्याने गाठलं असतं. पुढे २०१०मध्ये त्यांनी श्रेणीच्या व्याख्येतून समुद्राच्या पाण्याचे आकडे काढून टाकले. श्रेणी फक्त वाऱ्याची, पाण्याचा इशारा वेगळा द्यायचा, असं ठरलं.

मोठ्या घेराने पाणी का चढतं? कारण वारा पाण्याला ढकलतो, आणि जितक्या लांबच्या पट्ट्यावरून, जितका वेळ ढकलेल तितकं पाणी किनाऱ्याशी साचतं. मुंबईच्या बाबतीत हे आणखी काळजीचं आहे. आपल्या समोरचा उथळ समुद्र फार रुंद आहे, पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत रुंद इथेच, तीनशे किलोमीटरच्या आसपास. खोल समुद्रात ढकललेलं पाणी खालून परत फिरतं. उथळ समुद्रात त्याला जायला जागा नसते, ते किनाऱ्याकडे चढतं. त्यात भरतीची वेळ जुळली तर वेसावे, खारदांडा, माहीम, वरळी इथल्या गल्ल्यांत पाणी शिरायला वादळ मुंबईवर यायची गरज नाही.

आता घेर मोजतात कसा, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘हे आकडे असतात कुठे’ असा प्रश्न तुम्हाला पडू शकतो.

वादळाला कुंपण नसतं. ते कुठे संपतं हे ठरवावं लागतं, आणि ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं ठरवलं आहे. जुनी पद्धत समदाब रेषांची. समान हवेचा दाब असलेल्या जागा जोडल्या की वादळाभोवती एकात एक कडी तयार होतात. त्यातलं सर्वांत बाहेरचं पूर्ण बंद कडं म्हणजे वादळाची कड, असं धरायचं. केंद्रापासून या कड्यापर्यंतचं सरासरी अंतर दोन अक्षांशांपेक्षा कमी, म्हणजे साधारण २२० किलोमीटरच्या आत, असेल तर वादळ फार लहान. आठ अक्षांशांच्या पुढे, म्हणजे ९०० किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून जास्त, असेल तर फार मोठं.

दुसरी पद्धत वाऱ्याची, आणि आपल्या कामाची तीच. ताशी ६३ किलोमीटरचा, म्हणजे ३४ नॉटचा वारा केंद्रापासून किती लांबपर्यंत आहे? ५० नॉटचा किती? ६४ नॉटचा किती? आणि हे एकाच आकड्यात सांगत नाहीत. वादळाचे चार तुकडे करतात, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा देतात. वादळ भाकरीसारखं गोल क्वचितच असतं. एका अंगाने फुगलेलं, दुसऱ्या अंगाने आवळलेलं असतं. म्हणजे खरा प्रश्न ‘वादळ केवढं’ एवढाच नाही, ‘आपल्या बाजूला केवढं’ हाही आहे.

हे मोजायला समुद्रावर कोण जातं? अमेरिकेत खास विमानं वादळात शिरतात. आपल्या समुद्रावर तशी नेहमीची विमानं नाहीत. आपण बऱ्याच अंशी उपग्रहांवर अवलंबून आहोत. इन्सॅट मालिकेतले उपग्रह सतत ढगांची छायाचित्रं पाठवतात आणि ढगांच्या आकृतीवरून वादळाचा जोर ठरवण्याची पद्धत व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बसवली. पण घेर ढगांवरून नीट कळत नाही, कारण वरचे पांढरे ढग वाऱ्याच्या खूप पुढे पसरतात. तुम्ही पडद्यावर जो पांढरा भोवरा दाखवता त्यातला बराच भाग आकाशात बारा-पंधरा किलोमीटर उंचावरचा असतो. त्याखाली समुद्र कधी कधी बऱ्यापैकी शांत असतो.

खालचा वारा मोजायला वेगळं यंत्र लागतं, आणि याचा मला फार अभिमान वाटतो, ते आपल्या इस्रोने बनवून पाठवलेलं आहे. ओशनसॅट-२ हा उपग्रह २००९मध्ये गेला, स्कॅटसॅट-१ २०१६मध्ये, ओशनसॅट-३ २०२२मध्ये. त्यांच्यावरचं यंत्र समुद्राकडे सूक्ष्मलहरी सोडतं. वाऱ्याने पाण्यावर बारीक चुण्या पडतात, चहा गार करायला बशीवर फुंकर मारली की पडतात तशा. वारा जितका जोरात तितक्या चुण्या जास्त, तितक्या लहरी जास्त परततात. त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही काढता येतात. त्याच्या मर्यादा आहेत : मुसळधार पावसात माप बिघडतं, वारा फार वाढला की यंत्राला फरक कळेनासा होतो, आणि उपग्रह वादळावरून दिवसातून मोजक्या वेळाच जातो. मधल्या वेळेत समुद्रात नांगरून ठेवलेले तरंगते बोये, जहाजांच्या नोंदी आणि किनाऱ्याजवळ आल्यावर रडार हे कामाला येतात. मुंबईत कुलाब्याला एक डॉप्लर रडार आहे, वेरावलीला दुसरं २०२२मध्ये आलं. पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळे रडारला काही शे किलोमीटरांच्या पलीकडचं खालचं वारं दिसत नाही.

इतक्या कष्टाने काढलेले आकडे हवामान खात्याच्या वादळविषयक पत्रकांत छापले जातात. चारही बाजूंचे, पुढच्या तासांच्या अंदाजासकट. इंग्रजीत, तक्त्यात, नॉटमध्ये. तिथून ते तुमच्या टेबलापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. मराठीत पुढे येतं ते अंतर, वर्ग आणि ताशी वेग.

नकाशावर तुम्ही जो पसरट होत जाणारा शंकू दाखवता, त्याचाही घोळ आहे. एका मुलाने मला विचारलं होतं, “बाई, वादळ पुढे जाऊन एवढं मोठं होणार का?” तो शंकूकडे बोट दाखवत होता. शंकू वादळाचा आकार नसतो. पुढच्या दिवसांत केंद्र कुठे कुठे असू शकेल, अंदाजात किती चूक होऊ शकेल, ते तो सांगतो. दिवस जितका पुढचा तितका अंदाज सैल, म्हणून शंकू रुंद. वादळ त्या शंकूच्या बाहेर दोन्ही अंगांनी कितीतरी पसरलेलं असू शकतं. त्या मुलाच्या घरच्यांनीही तसंच वाचलं असणार. शंकूच्या बाहेर राहणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आमच्या कोळीवाड्यात पूर्वी वादळाची बातमी बावट्यावरून कळायची. तीन नंबरचा बावटा लागला की बोटी काढायच्या नाहीत. बंदरावरच्या या खुणा एक ते अकरा. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात, तीन आणि चार म्हणजे बंदराला झोंबणार. पाच म्हणजे धोका, आणि वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाणार. सहा म्हणजे उजव्या हाताला ठेवून. सात म्हणजे बंदरावरूनच. विचार करा, त्या काळी टीव्ही नव्हता, उपग्रह नव्हते, खांबावर टांगलेल्या आकृत्या आणि रात्री दिवे, तेवढ्यात त्यांनी लांबी सांगितली आणि बाजूही सांगितली. बाजूला इतकं महत्त्व त्यांनी दिलं ते उगीच नाही. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेला जातं त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग मिळून एक होतात. आज आपल्याकडे पडद्यावर हवी तेवढी जागा आहे, रंग आहेत, आणि बाजूही गेली, घेर तर कधी आलाच नाही.

बाजू किती महत्त्वाची ते ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दाखवलं. ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. मुंबई त्याच्या डाव्या हाताला राहिली आणि वाचली. उजव्या हाताला श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, ज्या उभ्या करायला माणसाची उमेद सरते. एक वर्षाने तौक्ते आलं ते उत्तरेकडे जाताना आपल्याला उजव्या हाताला ठेवून गेलं. निसर्ग ‘आलं’ आणि मुंबईला फार झळ लागली नाही, तौक्ते ‘आलंच नाही’ आणि आमची खाडी फोडून गेलं. केंद्राचं अंतर मोजून हे कुणालाच समजलं नसतं.

त्या दिवशी मी गच्चीवर ताडपत्री बांधायला गेले होते तेव्हाचं एक सांगते. सकाळी वारा पूर्वेच्या अंगाने येत होता. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताच्या बाजूला कमी दाब, म्हणजे वादळाचं केंद्र, असा एक जुना नियम आहे, एकोणिसाव्या शतकात बॉईज बॅलट या डच शास्त्रज्ञाने सांगितलेला. मी तशी उभी राहिले. डावा हात समुद्राकडे, दक्षिणेला झुकलेला. दुपारी पुन्हा गेले तेव्हा वारा दक्षिणेचा झाला होता आणि हात सरळ पश्चिमेला. नंतर वारा नैर्ऋत्येकडून यायला लागला, हात वायव्येला. वादळ लांब चाललं होतं. पण नैर्ऋत्येचा वारा हा समुद्रावरून थेट खाडीच्या तोंडात शिरणारा वारा. केंद्र दूर जात असताना खाडीला तो जास्त लागत होता, कारण घेराचा मागचा पदर अजून आमच्यावर होता. टीव्हीवर तोवर ‘मुंबईचा धोका टळला’ सुरू झालं होतं. दिरांचा हात दोरात सापडला तो त्यानंतर. ती वेळ मी विसरणार नाही.

घेर सांगितला की सगळं झालं, असंही नाही. जून २०२३मध्ये बिपरजॉय शेकडो किलोमीटर लांब होतं तेव्हा जुहूच्या किनाऱ्यावर मुलं पाण्यात उतरली आणि चार मुलं परत आली नाहीत. तिथे वादळाचा सोसाट्याचा वारा पोचलेला नव्हता. लाटा पोचल्या होत्या. लाटा वादळाच्या कडेच्या बाहेर निघून पुढे चालत जातात, आणि घेर मोठा असला तर त्या लांब, जड आणि फसव्या येतात, वर ऊन असतं आणि पायाखालची वाळू ओढली जाते. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज देते. तो अंदाज किनाऱ्यावरच्या शाळांपर्यंत, समुद्रावर फिरायला येणाऱ्या पोरांपर्यंत तुम्हीच पोचवू शकता. ती मुलं माझ्या वर्गातल्या मुलांएवढी होती.

मला हवी आहे ती बातमी अशी असेल. आकडे उदाहरणादाखल घेते. ‘वादळाचं केंद्र मुंबईच्या नैर्ऋत्येला ३०० किलोमीटरवर आहे. मुंबईच्या बाजूला त्याचा सोसाट्याचा वारा केंद्रापासून २०० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे वाऱ्याची कड शहरापासून १०० किलोमीटरवर आहे. वादळ उत्तरेला चाललं आहे आणि मुंबई त्याच्या उजव्या हाताला राहणार आहे.’ चार वाक्यं. वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. नकाशावर ठिपक्याऐवजी खरा वेडावाकडा घेर काढा, त्याला गडद रंग द्या, शंकू फिका ठेवा आणि शंकूवर स्पष्ट लिहा की हा केंद्राच्या वाटेचा अंदाज आहे. ‘धोका टळला’ हे शब्द घेराची मागची कड शहर सोडून जाईपर्यंत वापरू नका. आकड्यांत चूक असते, हेही सांगा. लोकांना ते समजतं. आमचे नाखवे आयुष्यभर अंदाजावर चालत आले आहेत, पण त्या अंदाजात काय धरलं आहे आणि काय नाही, हे त्यांना माहीत असायला हवं.

वेगाच्या आकड्यांबद्दलही थोडी काळजी घ्या. आपलं खातं तीन मिनिटांच्या सरासरीचा वारा सांगतं, अमेरिकन संस्था एका मिनिटाचा. एका मिनिटाचा आकडा मोठाच दिसतो. एका बातमीत एकाचा आणि दुसरीत दुसऱ्याचा आकडा आला की घरात लोक म्हणतात, वादळ वाढलं. आणि एक विनंती. दर वादळाच्या वेळी कुठेतरी १८८२च्या ‘मुंबईच्या महावादळा’ची आणि एक लाख मृत्यूंची ओळ येते. असं वादळ झाल्याचा पुरावा नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदी आहेत, त्यात ते नाही. या शहराने खरी वादळं सोसली आहेत, नोव्हेंबर १९४८चं, नोव्हेंबर २००९चं फयान. लोकांना त्यांच्याबद्दल सांगा.

हे काम हवामान खात्याचं आहे, आमचं नाही, असं कदाचित तुम्हाला वाटेल. खात्यानेही मराठीत घेर सांगावा, असं मला वाटतं, आणि त्यांनाही मी वेगळं लिहिणार आहे. पण वेसाव्यात, मढला, वरळीला सकाळी कुणी हवामान खात्याचं पत्रक उघडत नाही. तुमचा पडदा उघडतात, तुमचा पेपर उघडतात. माझे दीर तुमचंच ऐकून खाडीवर गेले होते.

माझा नकाशा, बिंदली आणि सुतळी शाळेच्या कपाटात आहे. तुमच्या बातमीदारांना, चित्रं काढणाऱ्यांना दाखवायला मी कुठल्याही दिवशी शाळा सुटल्यावर येऊ शकते, किंवा त्यांनी वेसाव्याला यावं. मे लागायच्या आधी जमलं तर बरं होईल, कारण मेमध्ये बोटी अजून पाण्यातच असतात.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
वेसावे, मुंबई